इंजेक्शननंतर काळवंडणारी कातडी

इंजेक्शन घेतलेली जागा दोन दिवस दुखते, जरा सुजते, कधी बारीकशी गाठ राहते आणि आपोआप विरते. त्याची दखल कोणी घेत नाही, घेण्याचे कारणही नसते. फार थोड्या रुग्णांमध्ये मात्र हीच जागा काही तासांत निळी-जांभळी होते, आठवड्या-दोन आठवड्यांत काळी पडते, आणि मग कातडीबरोबर खालची चरबी, क्वचित स्नायूसुद्धा सडून सुटतो. या प्रकाराला वैद्यकात ‘निकोलाऊ सिंड्रोम’ म्हणतात. औषधामुळे कातडीचा रक्तपुरवठा तुटतो, म्हणून ‘एम्बोलिया क्यूटिस मेडिकामेंटोझा’ असे त्याचे लांबलचक लॅटिन नावही आहे. रुग्णाला बहुधा वाटते की औषध खराब होते किंवा सुई अस्वच्छ होती. पुष्कळदा यांपैकी काहीच झालेले नसते. औषध चांगले, सुई नवी, देणारा अनुभवी, आणि तरीही हे घडते.

हा प्रकार प्रथम लक्षात आला तो उपदंशाच्या उपचारांत. पेनिसिलिन येण्यापूर्वी या रोगावर आर्सेनिकची संयुगे आणि १९२१पासून बिस्मथचे क्षार टोचत. बिस्मथ तेलात किंवा पाण्यात कालवून कुल्ल्याच्या स्नायूत खोल देत, आणि असे डोस आठवड्यांमागून आठवडे चालत. १९२४ मध्ये जर्मनीत फ्रॉयडेंथाल यांनी आणि १९२५ मध्ये रुमानियाचे त्वचारोगतज्ज्ञ स्तेफान निकोलाऊ यांनी या इंजेक्शननंतर कुल्ल्यावर उठणाऱ्या जाळीदार डागांचे आणि त्यामागून येणाऱ्या गँगरीनचे वर्णन केले. नाव निकोलाऊंचे राहिले. पेनिसिलिनने बिस्मथ मोडीत काढले. विकार मात्र गेला नाही, उलट खुद्द पेनिसिलिननंतरच दिसू लागला. पुढे वेदनाशामके, प्रतिजैविके, स्टेरॉइड, गुंगीची औषधे, ‘ब’ आणि ‘के’ जीवनसत्त्वे, लसी, इंटरफेरॉन अशी यादी वाढत गेली. रासायनिक दृष्ट्या या औषधांत काहीच साम्य नाही. दोष एखाद्या रेणूचा कमी आणि औषध कुठे जाऊन पडले याचा जास्त, हे या यादीवरूनच कळते.

घटनाक्रम बराचसा ठरलेला असतो. औषध आत जात असतानाच, किंवा सुई बाहेर येते न येते तोच, असह्य कळ उठते. ही कळ नेहमीच्या दुखण्यासारखी नसते; मोठा माणूसही ओरडतो, पाय लुळा पडल्यासारखा वाटतो, काहींना घेरी येते. टोचल्या जागेभोवतीची कातडी पांढरीफटक पडते. सावळ्या वर्णावर हा फिकेपणा नीट दिसत नाही, म्हणून आपल्याकडे हा टप्पा अनेकदा नजरेतून निसटतो. काही तासांत तिथे निळसर-तांबूस रेषा उमटतात आणि त्यांची वेडीवाकडी जाळी तयार होते, पिंपळाच्या कुजलेल्या पानावर उरते तशी. पुढच्या एक ते तीन दिवसांत जाळीचे डाग एकमेकांत मिसळतात, मध्यभाग जांभळा होतो, त्यात रक्त साकळते, कधी फोड येतात. पाचव्या दिवसापासून दोन आठवड्यांपर्यंत केव्हातरी मध्यभाग काळा व कोरडा पडतो. त्याची कड इतकी रेखीव असते की निरोगी कातडी कुठे संपली ते बोट ठेवून दाखवता येते. काळी खपली सुटली की खाली खोल व्रण उरतो. तो भरायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात आणि शेवटी खोलगट, सुरकुतलेला वण राहतो. सगळ्यांचीच गाडी शेवटच्या टप्प्यापर्यंत जाते असे नाही. काहींची जाळी दोन-तीन आठवड्यांत पुसटही होते.

असे का होते, याचे एकच एक उत्तर नाही. सर्वांत पटणारे स्पष्टीकरण धमनीचे आहे. कुल्ल्याच्या स्नायूंत धमन्यांचे दाट जाळे असते. सुईचे टोक एखाद्या बारीक धमनीत किंवा तिला अगदी लागून गेले आणि तिथे औषधाचा दाब पडला, तर औषधाचे कण किंवा तेलाचे थेंब प्रवाहाबरोबर पुढच्या टोकाच्या वाहिन्यांत जाऊन अडकतात. त्या वाहिन्या ज्या कातडीला रक्त पुरवतात तेवढाच तुकडा मरतो, म्हणून कड रेखीव येते. दुसरे कारण धमनीच्या आकसण्याचे. सुईच्या वा औषधाच्या टोचणीने धमनीभोवतीचे सिंपथेटिक मज्जातंतू चेतवले जातात आणि धमनी घट्ट मिटते. सुरुवातीची कळ आणि पांढुरकेपणा यातून समजतो. डायक्लोफेनॅकसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत. त्यातली काही प्रोस्टाग्लँडिने रक्तवाहिन्या सैल ठेवतात, तेव्हा ती नसली की आकुंचन आणखी वाढते. शिवाय काही द्रावणे मुळातच दाहक असतात. एका रुग्णात यांतली दोन-तीन कारणे एकदम काम करत असावीत.

आपल्या देशातून प्रसिद्ध होणाऱ्या रुग्णवृत्तांतांत डायक्लोफेनॅक वारंवार भेटते, आणि त्यात नवल नाही. कंबर धरली, दाढ दुखली, ताप उतरेना की ‘एक सुई मारा’ ही मागणी ठरलेली असते आणि ती बहुधा याच औषधाने पुरी होते. ७५ मिलिग्रॅमची मात्रा, नेहमीच्या अँप्यूलमध्ये ३ मिलिलिटर, कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या भागात खोल द्यावी, अशी सूचना औषधाच्या माहितीपत्रकातच असते. (हेच डायक्लोफेनॅक गुरांना दिल्याने, मेलेली गुरे खाऊन देशातली गिधाडे जवळजवळ संपली. २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचू नयेत म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनचे पॅकिंग ३ मिलिलिटरच्या एका मात्रेपुरते मर्यादित करण्यात आले. गिधाडांसाठी जेवढा विचार झाला तेवढा या इंजेक्शनच्या गरजेचा होत नाही.) ज्या रुग्णाला उलटी होत नाही आणि गिळता येते, त्याचे बहुतेक दुखणे याच औषधाच्या गोळीने कमी होते. सुईने ते थोडे लवकर थांबते, इतकाच काय तो फरक.

लहान मुलांत नाव येते ते बेंझाथिन पेनिसिलिनचे. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा खराब होऊ नयेत म्हणून हे इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी, वर्षानुवर्षे द्यावे लागते. पाण्यात कालवल्यावर ते दुधासारखे पांढरे आणि दाट होते. त्यात न विरघळलेले स्फटिक तरंगत असतात आणि जाड सुईसुद्धा मध्येच तुंबते. असे स्फटिक धमनीत गेले तर इजा कुल्ल्याच्या कातडीपुरती राहत नाही. संपूर्ण पाय काळा पडणे, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटून दोन्ही पाय लुळे होणे, लघवीवरचा ताबा जाणे अशा भयंकर घटनांची वैद्यकीय साहित्यात नोंद आहे. मुलांच्या धमन्या बारीक असतात आणि त्यांच्यात बाजूने रक्त पोहोचवणारे पर्यायी मार्ग कमी, म्हणून धोका जास्त. पण हे वाचून कोणी मुलाचे पेनिसिलिन थांबवू नये. ते थांबवल्याने झडप खराब होण्याचा धोका या दुर्मीळ अपघाताहून कितीतरी मोठा आहे.

इथेच एक सार्वत्रिक गैरसमज दूर करायला हवा. असा रुग्ण आला की नातेवाईक म्हणतात, “पण टेस्ट तर घेतली होती.” मनगटाच्या वर कातडीत थोडेसे औषध टोचून घेतली जाणारी चाचणी फक्त ॲलर्जीची असते. ती शरीर त्या औषधाला ओळखून उसळते का एवढेच पाहते. निकोलाऊ सिंड्रोम ही ॲलर्जी नाही. आधी दहा वेळा तेच औषध निर्धोक घेतलेल्या माणसाला अकराव्या वेळी तो होऊ शकतो, आणि एकदा झालेल्याला तेच औषध तोंडाने सहज चालू शकते. चाचणीला दोष देणे जितके चुकीचे, तितकेच ‘चाचणी झाली म्हणजे सगळे सुरक्षित’ असे समजणेही.

निदान बहुधा डोळ्यांनी आणि हकीकत विचारूनच होते: इंजेक्शन कधी घेतले, कळ त्याच क्षणी आली का, जाळी दिसली का. कातडीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर लहान-मध्यम वाहिन्यांत गुठळ्या आणि भोवती रक्ताविना मेलेली ऊती दिसते. गोंधळ होतो तो मुख्यतः दोन गोष्टींशी. पहिले साधे गळू. पण गळू तीन-चार दिवसांनी वाढते, गरम लागते, ताप आणते आणि त्यात पू असतो; निकोलाऊतली कळ मात्र पहिल्याच मिनिटाची असते. दुसरा ‘नेक्रोटायझिंग फॅसायटिस’, म्हणजे स्नायूंवरच्या आवरणात झपाट्याने पसरणारा जंतुसंसर्ग. त्यात रुग्ण काही तासांत खालावतो आणि शस्त्रक्रियेला थांबता येत नाही. स्नायू मोठ्या प्रमाणात मेला असेल तर लघवी तपकिरी होते आणि मूत्रपिंडे धोक्यात येतात, म्हणून रक्तातले सीपीके, म्हणजे मेलेल्या स्नायूतून सुटणारे विकर, तपासतात. इजा किती खोल आहे ते सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये दिसते.

उपचारांची सर्वमान्य पद्धत नाही. विकार इतका विरळा की त्यावर मोठे तुलनात्मक अभ्यास होणेच अवघड. पहिल्या काही तासांत रुग्ण हाती लागला तर रक्तवाहिन्या सैल करणारी औषधे, रक्तप्रवाह सुधारणारे पेंटॉक्सिफायलिन, रक्त गोठू न देणारे हेपारिन देऊन पाहतात. काही ठिकाणी जास्त दाबाखाली प्राणवायू देतात. स्टेरॉइडबद्दल मतभेद आहेत. नंतर उरते ते धीराचे काम: मेलेली ऊती छाटणे, रोजचे ड्रेसिंग, वेदना आवरणे, जंतुसंसर्ग झाला तरच प्रतिजैविक, आणि खड्डा मोठा असेल तर कातडीचे रोपण. घरी लोक जे पहिल्यांदा करतात, म्हणजे बर्फ चोळणे, नेमके तेच इथे करू नये. थंडीने आकसलेली धमनी आणखी आकसते. जोराने मालीश करणे आणि गरम विटेचा शेक हेही टाळावे. बधिर झालेली कातडी भाजली तरी रुग्णाला कळत नाही.

असा रुग्ण शहरातल्या लहान दवाखान्यात सांभाळता येत नाही, तो वेळेत मोठ्या रुग्णालयात जायला हवा. उदाहरणार्थ, इंदूरमध्ये बडा गणपती किंवा मल्हारगंजसारख्या जुन्या वस्तीतल्या माणसाला ही सोय शहरातच आहे. महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले महाराजा यशवंतराव रुग्णालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचे ‘एमवाय’, तिथे त्वचारोग आणि शल्यचिकित्सा एका आवारात मिळतात. या महाविद्यालयाची परंपरा १८७८ साली सुरू झालेल्या वैद्यकशाळेपर्यंत मागे जाते, आणि होळकरांच्या काळापासून इथे स्थायिक झालेल्या मराठी घरांना ते परके नाही. अडचण अंतराची नसते. पहिले दोन दिवस ‘सुई जरा लागली, शेका, उतरेल’ या सल्ल्यात जातात, आणि औषधाने काही साधले तर ते याच दोन दिवसांत साधण्याची शक्यता असते.

स्नायूऐवजी शिरेत दिलेल्या औषधांची इजा निराळ्या वाटेने होते. ‘सलाईन बाहेर गेले’ असे वॉर्डात रोज ऐकू येते आणि साधे सलाईन असेल तर हात सुजून उतरतो. पण कॅल्शियम ग्लुकोनेट, पोटॅशियम, नॉरअॅड्रिनालिन किंवा डॉक्सोरुबिसिनसारखे कर्करोगावरचे औषध शिरेबाहेर झिरपले तर कातडी जळते. डॉक्सोरुबिसिनचा व्रण आठवड्यांनी उमटतो आणि महिनोनमहिने पसरत राहतो. कॅल्शियम झिरपलेल्या जागी चुन्याचे कठीण खडे बसतात. फेफऱ्यावरचे फेनिटॉइन शिरेतून देताना क्वचित मनगटापासून बोटांपर्यंत हात जांभळा होतो आणि सुजतो. त्याला ‘पर्पल ग्लोव्ह सिंड्रोम’ म्हणतात. मळमळीवरच्या प्रोमेथाझिनने याहून वाईट केले आहे. ते चुकून धमनीत गेल्याने अमेरिकेतल्या एका संगीतकार बाईंचा हात कापावा लागला. त्यांचा दावा ‘वायथ विरुद्ध लेविन’ या नावाने तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, २००९ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, आणि त्याच वर्षी औषधाच्या वेष्टनावर गँगरीनचा ठळक इशारा छापणे सक्तीचे झाले.

वारंवार घेतलेल्या सुयांचे परिणाम सावकाश येतात. पेंटाझोसिन हे वेदनाशामक भारतात सवय लावणारे म्हणून कुप्रसिद्ध आहे. ते वर्षभर मांड्यांत टोचून घेणाऱ्याची कातडी लाकडासारखी टणक होते, स्नायूंत तंतूंची गच्च दाटी होऊन गुडघा वाकेनासा होतो, आणि मधूनमधून न भरणारे खोल व्रण पडतात. रुग्ण सहसा व्यसन कबूल करत नाही. दोन्ही मांड्यांवर हाताच्या टप्प्यात येतील अशाच जागी असलेले व्रण पाहून डॉक्टर ते ओळखतात. ‘के’ जीवनसत्त्वाच्या इंजेक्शननंतर काही जणांच्या कमरेवर आणि मांडीवर पट्ट्यासारखी टणक कातडी तयार होते. १९७२ मध्ये तेक्सिए यांनी तिचे वर्णन केले. सांध्यात किंवा वणात दिलेल्या ट्रायमसिनोलोनमुळे कातडी पातळ होऊन पांढरा डाग पडतो, आणि कधी तो डाग लसीकावाहिनीच्या रेषेत वर चढत जातो. तो बहुधा कोडासारखा पसरत नाही आणि महिन्यांनी भरूनही येतो, पण दिसतो कोडासारखाच, त्यामुळे घरात घबराट होते. मधुमेहींच्या पोटावरच्या चरबीच्या गाठी मात्र दुर्मीळ नाहीत. रोज एकाच जागी इन्सुलिन घेतल्याने त्या होतात आणि जागा बदलल्या की बहुतेक कमी होतात.

तेलाची इंजेक्शने हा महाराष्ट्राच्या जुन्या वैद्यकाचा भाग आहे. सल्फोन औषधे येण्यापूर्वी कुष्ठरोगावर चालमुग्रा आणि त्याच्या भाईबंदांचे तेल हाच मुख्य उपचार होता. सह्याद्रीत वाढणाऱ्या कडू कवठाचे तेल याच जातीचे. पोटात घेतले तर उलट्या होत, म्हणून ते स्नायूत आणि कातडीत टोचत. दाट तेलाने गाठी होत, त्या पिकत, रुग्ण इंजेक्शनला घाबरत. टोचलेले तेल सहज जिरत नाही. शरीर त्याभोवती भिंत बांधते आणि वर्षांनंतरही ती गाठ हाताला लागते. मुंबईत वडाळ्याच्या ॲकवर्थ कुष्ठरुग्णालयासारख्या संस्थांनी हा सारा काळ पाहिला. १९४०च्या दशकात सल्फोने आली, त्यांपैकी डॅप्सोनची साधी गोळी पुढे रूढ झाली आणि तेल मागे पडले. आज तेच दुखणे व्यायामशाळांतून परत आले आहे: दंड फुगवण्यासाठी स्नायूत तेल भरून घेणाऱ्या तरुणांच्या गाठी पिकतात आणि कापून काढाव्या लागतात.

संसर्गाचे एक रूप खास सावध करणारे आहे. टोचल्या जागी सारे ठीक होऊन दोन-तीन आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, एक लाल गाठ येते, फुटते, थोडा पाण्यासारखा स्राव येतो आणि भरतच नाही. तो तपासला तर साध्या कल्चरमध्ये काहीच वाढत नाही. हे बहुधा ‘मायकोबॅक्टेरियम ॲब्सेसस’, ‘चेलोनी’ किंवा ‘फॉर्ट्युइटम’ असते, क्षयाच्या जंतूचे दूरचे नातलग. ते नळाच्या पाण्यात राहतात, नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाहीत आणि उपकरणे बुडवून ठेवण्याच्या कुंडातल्या द्रावणातून किंवा अनेकदा टोचलेल्या मोठ्या बाटलीतून कातडीखाली जातात. क्षय समजून नेहमीची औषधे दिली तर उपयोग होत नाही. क्लॅरिथ्रोमायसिन, ॲमिकासिन यांसारखी औषधे महिनोनमहिने आणि बहुधा शस्त्रक्रियाही लागते. एकाच दवाखान्याच्या दोन रुग्णांना अशी गाठ आली तर योगायोग मानू नये. बीसीजीच्या लसीनंतर बाळाच्या डाव्या दंडावर काही आठवड्यांनी येणारा फोड मात्र अपेक्षित असतो. त्याला पट्टी, मलम, शेक काहीच नको.

निकोलाऊसारखी इजा टाळण्याचे उपाय साधे आणि जुने आहेत. मोठ्या माणसाला कुल्ल्यावर द्यायचे असेल तर वरच्या बाहेरच्या चौथ्या भागात, त्याहून बरे म्हणजे कमरेच्या हाडाखाली बाजूच्या स्नायूत. तान्ह्या बाळाला नेहमी मांडीच्या पुढच्या बाहेरच्या भागात. स्थूल माणसात आखूड सुई स्नायूपर्यंत पोहोचतच नाही आणि औषध चरबीत पडते, म्हणून सुईची लांबी माणूस पाहून निवडावी. कातडी एका बाजूला ओढून सुई सरळ घालावी, दट्ट्या किंचित मागे घेऊन रक्त येते का पाहावे, आले तर सुई काढून नवी घ्यावी, औषध सावकाश सोडावे. लसी देताना दट्ट्या मागे ओढण्याची गरज नाही असे आता जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण लसीच्या ठरलेल्या जागी मोठ्या वाहिन्या नसतात. कुल्ल्यात दाट औषध देताना मात्र ती काळजी सोडू नये. रुग्ण मध्येच किंचाळला तर ‘थोडे सोसा’ न म्हणता तिथेच थांबावे. हे सारे नीट करूनही विकार होऊ शकतो, हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनी लक्षात ठेवलेले बरे.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे नको असलेली सुई न घेणे. २००४ च्या सुमारास इंडिया क्लिनिकल एपिडेमिऑलॉजी नेटवर्कच्या देशव्यापी पाहणीत वर्षाला सुमारे ३०० कोटी इंजेक्शने दिली जातात आणि त्यांतली जवळपास ६३ टक्के असुरक्षित असतात असे आढळले होते. काचेच्या सिरिंज उकळण्याचा काळ संपला, सरकारी लसीकरणात एकदाच वापरता येणाऱ्या सिरिंज आल्या. सुईवरचा विश्वास मात्र तसाच राहिला.

इजा झालीच तर रुग्णाने औषधाचे नाव, कंपनी, बॅच क्रमांक, दिलेली जागा व वेळ लिहून ठेवावी आणि अँप्यूल किंवा वेष्टन फेकू नये. डागाचे रोज एक छायाचित्र काढावे. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा भारतीय औषधसतर्कता कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. त्याचे मुख्य केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. तिथे डॉक्टरच नव्हे, रुग्ण स्वतःही तक्रार नोंदवू शकतो, त्यासाठीचा अर्ज मराठीत मिळतो, आणि टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे.